कुमारांचे नाटक आणि कोयत्याचा हंगाम



मुलांच्या नाटकाचा विषय निघाला म्हणजे सुशिक्षित कुटुंबांत साधारणतः दोन मते ऐकू येतात. एक असे की, नाटकामुळे मुलाची भीड चेपते व वाणी सुधारते. दुसरे असे की, परीक्षेच्या वर्षी असले छंद परवडत नाहीत. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु ती वर्षभर एकाच घरात राहणाऱ्या मुलांपुरती आहेत. ज्या मुलाचा संसारच वर्षातील पाच-सहा महिने बैलगाडीवर वा ट्रॅक्टरवर चढलेला असतो, त्याच्या नाटकाचे काय? ज्या बीड जिल्ह्यात माझी सारी नोकरी झाली, तेथे हा प्रश्न गावोगाव उभा आहे. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

ही भूमी नाट्यकलेला परकी आहे असे कोणी समजू नये. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते, आणि त्याच नदीच्या काठी पैठणला एकनाथमहाराजांनी सोळाव्या शतकात भारुडे रचिली. भारुडात एकच मनुष्य घटकेत जोशी होतो, घटकेत गोंधळी होतो, तर घटकेत विंचू चावलेला मनुष्य होऊन तडफडतो. लोक पोट धरून हसतात आणि मग हळूच परमार्थाची गोष्ट त्यांच्या गळी उतरते. त्यास पडदा लागत नाही की रंगपेटी लागत नाही. या जिल्ह्यात १९५७ साली जन्मलेले श्री. वामन केंद्रे यांच्या घरी वडिलांचे भारुड होते. तो मुलगा पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा संचालक झाला व २०१९ साली पद्मश्रीचा मानकरी ठरला. गावच्या पारावरून निघालेली वाट किती लांब जाऊ शकते, याचे हे उदाहरण होय.

दुसरीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारची भाषा उर्दू होती. आणि १९२९ साली निघालेल्या गश्ती क्रमांक ५३ या फर्मानाने सभा भरविण्यास पूर्वपरवानगीचे बंधन घातले होते. चार माणसांसमोर उभे राहून आपल्या भाषेत मोठ्याने बोलणे, ही गोष्ट आमच्या वडिलांना फुकट मिळालेली नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. मुकादम त्यांना आगाऊ रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. ही मंडळी परततात ती शिमग्याच्या वा पाडव्याच्या सुमारास. आणि आमच्या शाळांची स्नेहसंमेलने केव्हा भरतात? डिसेंबर-जानेवारीत! म्हणजे रंगमंच उभारला जातो तेव्हा वर्गातील कित्येक मुले उसाच्या फडात मोळ्या वाहत असतात, आणि बक्षिसे वाटली जातात ती मागे राहिलेल्यांत.

एके वर्षी गावच्या तरुण मंडळाने गणेशोत्सवात मुलांचे नाटक बसविले. तालमी घेण्याचे काम मजकडे आले. विषय मुलांनीच निवडला होता: उचल. मुकादमाची भूमिका नववीतल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाकडे होती. तालमीत इतरांनी त्याला मिशा पिळून दरडावण्यास सांगितले. तो काही वेळ गप्प राहिला व म्हणाला, “गुरुजी, मुकादम असा बोलत नाही. तो लई गोड बोलतो. आमच्या बापाला ‘पाहुणं’ म्हणतो.” झाले! त्या एका वाक्याने नाटकाचे सारे रूप पालटले. पोराने आवाज चढविला नाही. हसतमुखाने नोटा मोजून दिल्या आणि तितक्याच मायेने वहीवर अंगठा घेतला. प्रयोगाच्या रात्री पुढच्या रांगेत खरे मुकादमही बसले होते. मंडपात इतकी शांतता पसरली की, जनरेटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. बायकांच्या बाजूस त्याची आई बसली होती. तिने पदर तोंडाला लावला होता. ती हसत होती की रडत होती, हे दुरून कळले नाही.

पुढल्याच महिन्यात तो मुलगा आईबापांबरोबर फडावर गेला. नाटकाने त्याचे जाणे टळले नाही. असा दावा मी करणार नाही. परंतु हंगाम संपल्यावर त्याच्या बापाने मला जे सांगितले ते लक्षात राहण्यासारखे आहे. हिशेबाच्या वेळी सगळे नेहमीप्रमाणे माना खाली घालून बसले असता हा पोरगा उठला आणि म्हणाला, “मामा, किती टन झाला ते एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.” मुकादमाला वही वाचावी लागली. ज्याने मुकादमाचे सोंग आपल्या अंगावर वागविले, त्याला त्याच्या गोड बोलण्याचे भय उरले नाही, एवढाच मी याचा अर्थ घेतो. भीड चेपणे म्हणतात ते हेच. सफाईदार उच्चार ही पुढची गोष्ट.

मुलींची गोष्ट आणखी बिकट आहे. वयात आलेली मुलगी फडावर न्यावी तर काळजी, मागे ठेवावी तरी काळजी. म्हणून कित्येकींची लग्ने अकाली उरकली जातात. अशा मुलीला एकदा तरी साऱ्या गावासमोर आपल्या तोंडाने बोलावयास मिळावे, यापरते मोठे शिक्षण कोणते?

यास्तव माझी सूचना साधी आहे. ऊसतोडीच्या गावांत कुमारांचे नाटक पौषात न करता भाद्रपदात करावे. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सकाळी शाळाशाळांतून झेंडावंदन होतेच. सायंकाळी त्याच पटांगणात मुलांचे नाटक व्हावे. त्या वेळी टोळ्या निघालेल्या नसतात, आईबाप गावात असतात आणि मोकळेपणाने बोलण्याच्या हक्काची आठवणही ताजी असते. शासनाने मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय केली आहे. तेथे सायंकाळी याच नाटकाची उजळणी चालू ठेविली, तर मुलांचे मनही रमेल.

शहरातील श्रोत्यांना मी वर्गणी मागत नाही. आपल्या चहाच्या पेल्यातील साखर ज्या हातांनी तोडलेल्या उसाची असते, त्या हातांच्या लेकरांचे नाटक पाहण्यास एखाद्या भाद्रपदात बीड जिल्ह्यातील एखाद्या गावी जरूर यावे. बसावयास सतरंजी मिळेल; आणि पुढच्या रांगेत जागा हवी असल्यास मात्र मुकादमाच्या आधी यावे लागेल.