नमुन्यातून निसटलेला मतदार



 राजकीय मतचाचण्या मतदारांची निवड न्याय्य रीतीने करतात का, हा प्रश्न या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

2024 मध्ये महाराष्ट्रात सहा महिन्यांत दोन निकाल लागले. लोकसभेच्या वेळी बहुतेक मतदानोत्तर चाचण्यांनी महायुतीला झुकतं माप दिलं. प्रत्यक्षात तिला 48 पैकी 17 जागा मिळाल्या. विधानसभेला बहुतेकांनी तिचं यश कमी धरलं. तिच्या तीन प्रमुख पक्षांनीच 230 जागा जिंकल्या. अंदाज दोन्ही बाजूंना चुकल्यामुळे नुसत्या पक्षपाताच्या आरोपावर विषय मिटत नाही. मतांवरून जागा काढताना चूक होते, हे मान्य. पण मुळात विचारलं कोणाला, हे आधी पाहायला हवं.

मोठा आकडा ही खात्री नव्हे. 1936 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांहून अधिक परत आल्या, आणि लँडन जिंकणार असं जाहीर झालं. रूझवेल्ट सुमारे 61 टक्के मतांनी निवडून आले. पत्ते मुख्यतः टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतले होते. मंदीत होरपळलेला माणूस त्यांत फारसा नव्हता. शिवाय उत्तर देणारे आणि न देणारे यांचा कलही वेगळा होता.

आपल्याकडे हीच त्रुटी वेगळ्या वाटेने शिरते. मतदारयादीतून नाव निघतं, प्रगणक दारी जातो, दाराला कुलूप. बीड जिल्ह्यातलं ते कुटुंब ऊसतोडीला गेलेलं असतं. दिवसाचा कोटा भरायचा असतो, म्हणून प्रगणक चौकातल्या चहाच्या टपरीवर बसलेल्यांना प्रश्न विचारतो. संख्या भरते, पण त्या कुटुंबातली मजूर बाई गळते. ती घरी सापडली तरी नवरा शेजारी उभा असतो आणि उत्तर तोच देतो. फोनवरच्या चाचणीतही ती सहज सापडत नाही: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे 54 टक्केच होत्या. पुढे भारांकन करून, म्हणजे कमी सापडलेल्या गटांच्या उत्तरांना जास्त वजन देऊन, तोल साधतात, पण 2024 मध्ये त्यासाठी हाताशी असलेली जनगणना होती 2011 ची!

नमुना निवडण्याची शिस्त आपल्या मातीला नवी नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक निवडीची बैठक दिली. त्या प्रयोगात शेताच्या कोपऱ्यापासून यादृच्छिक आकड्यांनी ठरल्याइतकी पावलं मोजून जागा आखतात. तिथलं पीक विरळ असलं तरी शेजारचा डौलदार तुकडा घेता येत नाही. ज्वारीच्या उताऱ्यासाठी जी शिस्त आपण पाळतो, ती माणसाच्या मतासाठी का पाळू नये?

म्हणून माझी सूचना अशी: नावं कुठून घेतली, किती जण भेटले नाहीत, त्यांच्याऐवजी कोणाला विचारलं, भारांकन कसं केलं आणि पैसा कोणी दिला, हे प्रत्येक संस्थेने आकड्यांसोबतच जाहीर करावं. संपादकांनी त्याशिवाय अंदाज छापू नये. प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना बंद दाराशी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जायला शिकवावं. मतपेटीत प्रत्येकाच्या मताला सारखीच किंमत आहे. चाचणीतही मतदाराला निवडलं जाण्याची रास्त संधी मिळाली पाहिजे. तसा ठराव या परिषदेने आजच संमत करावा, अशी मी आग्रहाची विनंती करतो.