मेंटेनन्स म्हणजे नुसतं पोट नव्हे

(विश्रामबाग, सांगली येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आज सगळा कायदा सांगत बसत नाही, एकाच शब्दावर बोलते. इंग्रजीत ‘मेंटेनन्स’. विहिरीवरच्या मोटारीचा मेंटेनन्स, फ्लॅटचा मेंटेनन्स आणि नवऱ्याने टाकलेल्या बाईचाही मेंटेनन्सच. आपण मोटारीची ‘देखभाल’ म्हणतो आणि बाईची ‘पोटगी’. मोटारीला तेलपाणी, दुरुस्ती, वर शेड लागते हे कुणी नाकारत नाही. बाईला मात्र फक्त पोट!

हसू नका. एका सुनावणीला मी एका मैत्रिणीबरोबर बसले होते. समोरच्या वकिलांनी विचारलं, “आईकडे दोन वेळ जेवता ना? मग पोटगी कशाला?” ती गप्पच झाली. जेवत होती, हे खरंच होतं. पण मुलाची फी थकली होती, औषधं भाऊ आणत होता आणि ती भावजयीच्या स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होती. यातलं काहीच तिला ‘पोटगी’त बसवता येईना.

कायदा असं म्हणत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मेंटेनन्सची व्याख्याच आहे: अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि औषधोपचार. सर्व धर्मांच्या बायकांना लागू असलेलं फौजदारी संहितेचं कलम १२५ (२०२४ पासून नव्या संहितेचं कलम १४४) व्याख्या देत नाही. तिथे आधी महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती, ती २००१ साली गेली. त्या कलमात ‘स्वतःचा निर्वाह करू न शकणारी’ बायको म्हटलंय. त्याचा अर्थ ती पार रस्त्यावर आलेली हवी असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली चतुर्भुज विरुद्ध सीताबाई खटल्यात सांगितलं.

स्पॅनिशमध्ये तर पोटगीला ‘आलिमेंतोस’ म्हणतात, म्हणजे चक्क खाणं. पण स्पेनच्या १८८९ च्या दिवाणी संहितेने त्याच शब्दात राहणं, कपडे, औषधपाणी घातलं. शब्द पोटाचाच, कायद्याने त्याची ओटी भरली.

मग ‘पोटगी’ टाकून ‘निर्वाहभत्ता’ म्हणायचं का? काही मैत्रिणींचा तसा आग्रह आहे. मला तो पटत नाही. पोटगी म्हटलं की खेड्यातल्या आजीलाही कळतं, निर्वाहभत्ता तिला समजावून सांगावा लागतो.

शब्द राहू द्या, त्याच्या खाली लिहा. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि खर्चाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यात ‘घरखर्च’ असा एकच आकडा टाकून मोकळ्या होऊ नका. खोलीचं भाडं, लाईटबिल, गॅस, मुलांची वह्यापुस्तकं, दवाखाना, तारखेला यायला लागणारं एसटीचं तिकीट, चष्मा. सगळं वेगळं लिहा आणि पावत्या जपून ठेवा. भाऊ औषधं आणत असेल तर त्याचीही पावती मागून घ्या.