पट्टी लेकरांच्या हातात द्या

सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींशी आणि बाईंशी आज बोलायचंय. पालकांनीही रेडिओ बंद करू नये. माझं म्हणणं एकच. ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश, फळ्यावर शिकवू नका. फळ्यावरचे बाण लेकरं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरतात. पट्टी त्यांच्या हातात द्या.

पट्टी कुठली? बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवर राखाडी फिल्म असते, ती. खालची काच फुटू शकते, म्हणून सोडवायचं काम मोठ्यांनी करावं. तिचे तीन तुकडे कापा. दोन एकावर एक ठेवा, वरचा हळूहळू फिरवा. पाव फेरी झाली की काळोख!

आता ताट घ्या, जेवणाचं. ताट म्हणजे प्रकाश, गजांची खिडकी म्हणजे पट्टी. उभ्या गजांच्या खिडकीतून ते बाहेर द्यायचं तर उभंच धरावं लागतं. पुढच्या खिडकीचे गज आडवे असले की ते अडलं. इथवर सगळे सांगतात. पण दोन पट्ट्यांच्या मध्ये तिसरी अर्ध्या काटकोनात तिरपी सरकवा, काळोखात पुन्हा उजेड येतो! म्हणजे मधली खिडकी ताट नुसतं अडवत नाही, तिरपं करून पुढं देते आणि निम्मं जेवण ठेवून घेते. शेवटची खिडकी उरलेल्यातलं निम्मं ठेवते. पाव ताट पोचतं. हे तोंडी सांगून कोणी मानणार नाही, मीही मानलं नसतं. म्हणून म्हणतो, पट्टी हातात द्या.

गंगाखेड, पाथरीकडच्या ऊसवाल्या घरांतल्या लेकरांना तर हे घरचंच आहे. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ‘पोल’, म्हणजे साखरेचं प्रमाण, काढतात तो याच प्रकाशावर. साखरेचं पाणी प्रकाशाच्या कंपनाची दिशा उजवीकडे वळवतं. 26 ग्रॅम शुद्ध साखरेचं 100 मिलिलिटर द्रावण 20 सेंटीमीटरच्या नळीत भरलं, तर सुमारे साडेचौतीस अंश. वर्गात सपाट बुडाचा काचेचा पेला घ्या. पाणी 10 सेंटीमीटरच उभं राहील, म्हणून साखर दुप्पट. खाली एक पट्टी, वर एक. खालून उजेड येऊ द्या आणि वरची फिरवा. साध्या उजेडात पुरता काळोख होत नाही, रंग पालटत जातात. तेवढ्यासाठी पाव किलो साखर शाळेला जड नाही हो!

कंपासपेटीतला पारदर्शक कोनमापकही दोन पट्ट्यांत धरा. त्यातले रंग कुठून येतात ते मात्र... नको, घड्याळ पुढं चाललंय.

शेवटचं. सूर्य नुकताच वर आला की डोक्यावरच्या निळ्या आभाळाकडे पट्टी फिरवत पाहा. सूर्याकडे अजिबात नाही, हे लेकरांना दोनदा बजावा. आभाळ गडद-फिकं होतं. मधमाशी याच खुणेवर वाट काढते. फॉन फ्रिश नावाच्या शास्त्रज्ञानं ते कसं ओळखलं, ती मोठी गोष्ट आहे, पण काचेपलीकडून मला हात दाखवतायत.