पाकीट न फोडलेला माणूस



आमच्या महालातल्या एका पानठेल्यावर एक गृहस्थ येतात. ते दर सोमवारी खर्रा सोडतात. सोमवारचा दिवस मोठ्या निश्चयाने जातो आणि मंगळवारी सकाळी ते ठेल्यावर पहिले हजर असतात. मी त्यांना पूर्वी हसायचो. आता हसत नाही, कारण मी स्वतः इंटरनेट चार वेळा सोडलं आहे आणि चारही वेळा परत आलो आहे. आज त्या चार वेळांचाच हिशेब मी तुमच्यापुढे मांडणार आहे. पहिल्या तीन वेळा मी भीतीने सोडलं. चौथ्यांदा लाजेने सोडलं. माझ्या डोक्यात जो काही प्रकाश पडला, तो त्या चौथ्या वेळी.

आधी माझा परिचय करून देतो. मी नागपूर स्टेशनच्या आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे डाक सेवेत, चौतीस वर्षं पत्रांचं सॉर्टिंग केलं. २०१२ साली निवृत्त झालो. निवृत्तीनंतर तीन वर्षांनी मुलाने स्मार्टफोन हातात दिला आणि तो पुण्याला निघून गेला. फोन चालवायला मी शिकलो, पण फोन मला कसा चालवतो हे कळायला फार उशीर लागला.

पहिल्यांदा सोडलं ते एप्रिल २०१८ मध्ये. केंब्रिज ॲनालिटिका नावाच्या कंपनीने फेसबुकवरच्या लोकांची माहिती निवडणुकीच्या प्रचारासाठी वापरल्याची बातमी तेव्हा जगभर गाजत होती. त्या बातमीतल्या दोन आकड्यांनी माझी झोप उडवली. ज्या प्रश्नावलीच्या ॲपमधून ही माहिती बाहेर गेली, ते ॲप भारतात फक्त ३३५ जणांनी घेतलं होतं. पण माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या फेसबुकने सांगितली ती ५ लाख ६२ हजारांहून अधिक. हे बाकीचे लाखो लोक कोण? तर ते ॲप घेतलेल्यांचे फेसबुकवरचे मित्र. त्यांनी काहीही केलं नव्हतं. त्यांचा कोणीतरी मित्र एका बटणाला ‘हो’ म्हणाला होता, एवढंच.

मी तिरीमिरीत खातं बंद केलं. अकरा दिवस टिकलो. बाराव्या दिवशी कळलं की भाच्याच्या मुंजीचं आमंत्रण फेसबुकवरच येऊन गेलं आणि मामा आलाच नाही म्हणून बहीण रुसून बसली आहे. झालं, परत आलो.

दुसऱ्यांदा सोडलं जानेवारी २०२१ मध्ये. व्हॉट्सॲपने नवं गोपनीयता धोरण आणलं होतं आणि ‘मान्य करा’ असा निरोप सगळ्यांच्या फोनवर झळकत होता. मी ते धोरण वाचायला बसलो. नोकरीत असताना खात्याची परिपत्रकं मी न कंटाळता वाचलेली आहेत, पण इथे तिसऱ्या पानावर हात टेकले. पुतणी म्हणाली, “काका, तुमचे मेसेज ते वाचूच शकत नाहीत. ते कुलूपबंद जातात. २०१६ पासून तसंच आहे.”

“मग त्यांना कळतं तरी काय?”

“तुम्ही कोणाशी, कधी, किती वेळा बोलता ते.”

हे मात्र मला चटकन समजलं. मंडळी, सॉर्टिंगवाल्याला पत्रातला मजकूर कधीच माहीत नसतो. आम्ही फक्त पत्ता वाचायचो. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी गृहस्थ, संस्कृतचे पंडित. पहिले तीन आकडे वाचले की पत्र कुठल्या खणात टाकायचं ते ठरायचं. ४४० दिसलं की नागपूर. आतलं पत्र सुखाचं की दुःखाचं, आमच्या लेखी सारखंच. पण घरोघर डाक वाटणाऱ्या पोस्टमनला विचारा. एकही पाकीट न फोडता त्याला गल्लीची सगळी कुंडली ठाऊक असायची. कोणाकडे कोर्टाची नोटीस येते, कोणाच्या मुलाची मनिऑर्डर तीन महिने आली नाही, कोणाच्या मुलीला एकाच अक्षरातली पत्रं दर आठवड्याला येतात. पत्र बंद असलं तरी पत्ता उघडाच असतो. या कंपन्यांना आपली माहिती कशी मिळते, याचं मर्म मला त्या दिवशी कळलं. फरक एवढाच की पोस्टमन एका गल्लीचा होता आणि तो त्या माहितीचा व्यापार करत नव्हता.

मी दुसऱ्या एका ॲपवर गेलो. तिथे माझ्या ओळखीचे तीनच जण होते आणि त्यातले दोघे कधी बोलत नव्हते. मार्च २०२१ मध्ये साठीच्या पुढच्यांना करोनाची लस सुरू झाली. नोंदणी कोविन पोर्टलवर करायची, केंद्रावर नुसतं गेलं तरी चालायचं. पण कुठल्या केंद्रावर लस आहे आणि कुठली संपली, याची खबर आमच्या वस्तीच्या व्हॉट्सॲप गटावरच मिळायची. परत आलो.

तिसरी वेळ गुडघ्याची. एका संध्याकाळी मी आणि सौ. अंगणात बसून माझ्या गुडघ्याविषयी बोललो आणि रात्री फोनवर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात आली. मला वाटलं, हा फोन कान लावून बसलेला आहे! पुतणीने मला जरा उलटतपासणीला घेतलं. घरातल्या त्याच वायफायवरून सौं.नी दोन दिवसांपूर्वी गुडघ्याचं तेल शोधलं होतं. मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा फोन खिशात होता आणि आपण कुठे आहोत हे तो सांगत होता. शिवाय अनेक संकेतस्थळं आपल्या फोनमध्ये एक बारीकशी चिठ्ठी ठेवून जातात. तिला कुकी म्हणतात. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या तरुणाने ती शोधली. गिऱ्हाईक दुकानात परत आलं तर ओळखता यावं, एवढाच तिचा हेतू होता. पुढे अनेक दुकानांत शिरकाव असलेल्या जाहिरातदारांनी आपल्या चिठ्ठ्या ठेवल्या आणि त्या सगळीकडे वाचल्या. एवढ्या खुणा जुळल्यावर माझा गुडघा ओळखायला कान कशाला हवेत?

मग मी ‘इन्कॉग्निटो’ खिडकी वापरू लागलो. तीही घरच्यांपासून लपवते, बाहेरच्यांपासून नाही. त्यावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर दावा झाला आणि २०२४च्या तडजोडीत कोट्यवधी नोंदी नष्ट करायचं कंपनीने कबूल केलं. हे वाचून मी फोन कपाटात ठेवला आणि बटणांचा जुना फोन काढला.

नोव्हेंबर उजाडला. पेन्शनवाल्यांना ठाऊक आहे, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. प्रत्यक्ष जाऊनही देता येतो, पण गुडघा जिना चढू देईना. फोनवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ज्या गुडघ्यापायी फोन सोडला, त्याच गुडघ्यापायी तो कपाटातून काढला. आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला मी फोनसमोर डोळ्यांची उघडझाप करत बसलो होतो आणि सौ. हसत होत्या.

त्यानंतर मी ठरवलं की पळायचं नाही, नीट शिकायचं. वाचू लागलो. या विषयाची एक मोठी गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच सुरू झाली आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. २०१२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी आधारला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. खासगीपणा हा मूलभूत हक्क नाही, अशी सरकारची बाजू होती. १९५४ मध्ये आठ न्यायाधीशांच्या पीठाने दिलेला एक जुना निकाल त्यांच्या हाताशी होता. म्हणून या वेळी नऊ न्यायाधीश बसले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्यांनी एकमताने सांगितलं की हा मूलभूत हक्क आहे.

त्या नवांमध्ये एक आपले नागपूरकर होते, न्यायमूर्ती शरद बोबडे. त्यांनी स्वतंत्र निकालपत्र लिहिलं. त्यात गृह्यसूत्रांचा दाखला आहे. घरातल्या माणसांचा खासगीपणा राखला जाईल असं घर कसं बांधावं, हे तिथे सांगितलेलं आहे. मालकाच्या संमतीशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नये, हा अर्थशास्त्रातला नियमही त्यांनी नमूद केला. वाचताना मला लहानपणीचा आमचा वाडा आठवला. देवडीपर्यंत कोणीही यावं, ओसरीवर ओळखीच्याने बसावं, माजघरात घरच्यांनी. कोणी कुठवर यायचं हे उंबरठे सांगायचे. पुढे बोबडे सरन्यायाधीश झाले. जून २०२० मध्ये ते नागपुरात असताना एका मोठ्या मोटारसायकलवर बसलेला त्यांचा फोटो पाहता पाहता देशभर फिरला. खासगीपणावर निकाल लिहिणाऱ्याच्या वाट्यालाही हे आलं, मग आपण कोण!

एवढं सगळं वाचून मी स्वतःला शहाणा समजू लागलो होतो. आणि मग चौथी वेळ आली.

हे सांगण्याआधी ज्याची गोष्ट आहे त्याला मी विचारलं आहे. “नाव सांगू नको, आजार सांगू नको, बाकी सांग,” असं तो म्हणाला. हा माझा आरएमएसमधला जुना सोबती. शेजारशेजारच्या खणांपुढे उभं राहून आम्ही कित्येक रात्री काढल्या. एका दुपारी त्याने मला तपासणीचा रिपोर्ट पाठवला. माझा पुतण्या डॉक्टर आहे, त्याला दाखव म्हणाला. मी पुतण्याला दाखवला. आणि संध्याकाळी, मन भरून आलं म्हणून, आमच्या निवृत्तांच्या गटावरही टाकला. खाली लिहिलं, ‘सर्वांनी प्रार्थना करावी.’

गटात एकशे चाळीस माणसं. कोणीतरी तो पुढे धाडला. मित्राची मुलगी अमरावतीला असते आणि तिला तेव्हा आठवा महिना होता. बाळंतपण होईपर्यंत तिला काही कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. तिला ते तिच्या मामेसासऱ्यांच्या फोनवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मित्र घरी आला. भांडला नाही. ओसरीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “काहून रे, चौतीस वर्षं डाक हाताळली तू. एक पाकीट फोडलं नाही. आता काय झालं तुले?”

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. श्रोतेहो, त्या प्रसंगात कुठल्याही कंपनीची चूक नव्हती. रिपोर्ट कुलूपबंद आला होता, वाटेत कोणी उघडला नव्हता. पाकीट सुखरूप माझ्या हातात पडलं आणि मी ते चौकात जाऊन मोठ्याने वाचलं. फेसबुकची बातमी वाचून मी ज्या ३३५ जणांवर चिडलो होतो, त्यांच्याच रांगेत मी उभा होतो. त्यांनी निदान न कळत केलं होतं.

त्या रात्री मी सगळं काढून टाकलं. पण सोडून काय साधलं? तो रिपोर्ट एकशे चाळीस फोनांमध्ये तसाच होता. माझं जाणं कोणाच्या उपयोगाचं नव्हतं. उलट मित्राला मुंबईला तपासणीला जायचं होतं, रेल्वेची तिकिटं काढायची होती, डॉक्टरांची वेळ घ्यायची होती. त्याची नजर अधू, मुलगी लांब. पंधराव्या दिवशी मी परत आलो, ते त्याच्यासाठी.

२०२३ मध्ये आपल्याकडे वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. कंपन्यांना आता जबाब द्यावा लागेल, ही चांगलीच गोष्ट आहे. पण घरगुती, वैयक्तिक कामासाठी कोणी दुसऱ्याची माहिती वापरली तर हा कायदा तिथे येत नाही. माझ्या ओसरीवर सरकार येऊन बसू नये, हे बरंच आहे. पण याचा अर्थ असा की तिथली राखण मलाच करायची आहे.

मी आता पाचव्यांदा सोडणार नाही. कड्या मात्र लावल्या आहेत. ज्या ॲपला माझे संपर्क लागत नाहीत, त्याला ते देत नाही, कारण त्या यादीतले तीनशे नंबर माझे नाहीत, तीनशे जणांचे आहेत. लग्नातला फोटो टाकण्याआधी त्यातल्या माणसांना विचारतो. काही लोक हसतात. हसू देत.

मित्राच्या मुलीला मुलगा झाला. तिने मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. मी विचारलं नाही. गेल्या महिन्यात मित्राचा नवा रिपोर्ट आला आणि त्याने तो व्हॉट्सॲपवर पाठवला. फक्त मला. मी चष्मा लावून दोनदा वाचला आणि फोन खिशात ठेवला. सौ.नी विचारलं, “काय आलं?” मी म्हटलं, “त्याचं पत्र आहे.”

त्यात काय होतं, ते मी तुम्हालाही सांगणार नाही.