हरवलेल्या इअरफोनचा माग



बिनवायरचा इअरफोन हरवला की आपण आधी खिसे चाचपतो, मग गाद्या-उशा उलट्यापालट्या करतो. दुसऱ्या दिवशी घरातली एखादी भाची म्हणते, "मामा, फोनवर शोधलंत का?" तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. फोनवरचं शोधणं शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवू नका, ते सगळ्यात आधी करा. कारण त्या चिमुकल्या बॅटरीत धुगधुगी आहे तोवरच इअरफोन रेडिओलहरी सोडतो. डबीबाहेर पडलेला इअरफोन काही तासांत मुका होऊ शकतो.

कंपन्यांची स्वतःची ॲप आहेत. ॲपलचं फाइंड माय, सॅमसंगचं स्मार्टथिंग्ज फाइंड, गूगलचं फाइंड हब. एअरपॉड्ससाठी ही सोय 2017 साली आली. आवाजाचं बटण दाबलं की इअरफोन चिवचिवू लागतो आणि आवाज वाढत जातो. त्यावेळी दुसरा इअरफोन कानात मुळीच ठेवू नका, कानाला इजा होऊ शकते. इअरफोन बंद डबीत असेल तर मात्र बहुतेक मॉडेलांत तो गप्पच राहतो. डबीलाच स्पीकर असलेली मॉडेलं अलीकडची. एअरपॉड्स प्रोची 2022 मधली दुसरी पिढी त्यांतली.

नकाशावरच्या ठिपक्याबद्दल मोठा गैरसमज आहे. साध्या इअरफोनमध्ये जीपीएस नसतं. संपर्क तुटला तेव्हा तुमचा फोन कुठे होता, ते तो ठिपका दाखवतो. दादरला तुम्ही उतरलात आणि इअरफोन गाडीतच राहिला, तर नकाशा दादरच दाखवत राहील आणि इअरफोन कल्याणला पोचलेला असेल. काही महागड्या मॉडेलांचा संकेत जवळून जाणाऱ्या इतरांच्या फोनलाही टिपता येतो, तिथे ठिपका ताजा होऊ शकतो.

कंपनीचं ॲप नसेल तर ब्लूटूथचे संकेत मोजणारी साधी ॲप मिळतात. यादीत आपल्या इअरफोनचं नाव दिसलं की समोर एक उणे आकडा येतो. उणे 90 म्हणजे लांब, उणे 40 म्हणजे अगदी हाताशी. आकडा शून्याकडे सरकला की आपण जवळ येतोय. इथे घाई नडते. आकडा सतत हलतो, भिंतींवरून लहरी परततात, म्हणून दोन पावलं टाकायची, थांबायचं, मग बघायचं. पूर्वी ट्रान्झिस्टर हातात घेऊन स्टेशन स्वच्छ लागेपर्यंत आपण तो फिरवायचो ना, तसंच स्वतःभोवती सावकाश वळायचं. आपल्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे इअरफोन पाठीमागे असला तर आकडा पडतो, आणि त्यावरूनच दिशा कळते. गोदरेजच्या कपाटात पडला असेल तर पत्रा संकेत अडवतो. तेव्हा कपाटाचं दार उघडून पुन्हा बघा. एरवी घरात पल्ला साधारण 10 मीटरचा, भिंती मध्ये आल्या की त्याहून कमी. असं ॲप तुमच्या फोनमधले नंबर किंवा फोटो मागू लागलं, तर ते काढून टाका. इअरफोन शोधायला त्याची गरज नाही.

लोकलमध्ये हरवला तर 139 वर फोन करा किंवा स्टेशन मास्तरांना गाठा. प्रवाशांचं राहिलेलं सामान परत करण्यासाठी रेल्वे सुरक्षा दलाची 'ऑपरेशन अमानत' ही मोहीमच आहे. इअरफोन रुळांवर पडलेला दिसला तरी कृपा करून खाली उतरू नका. तो काढायचा तर रेल्वे कर्मचाऱ्यांनीच.

आणि एक काम आजच करा. फोन उघडा, इअरफोन ॲपमध्ये नोंदवलेला आहे का ते बघा, आणि आवाजाचं बटण एकदा दाबून पाहा. हरवल्यानंतर ही नोंदणी करता येत नाही.