घरच्या तालमीचा वस्ताद



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा 'घरात वजनाचा व्यायाम करावयाचा तर साधने कोणती घ्यावीत व ती कशी मांडावीत' असे आम्ही सांगताच ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. ज्या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान ऐकावे, इतिहास ऐकावा, तेथे लोखंडाच्या तबकड्यांची कथा! परंतु हा विषय हलका आहे, असे कोणी म्हणू नये. तो अक्षरशः जड आहे, आणि निष्काळजीपणाने हाताळला तर छातीवर बसतो. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

आपल्याकडे शक्तीची उपासना ही काही नवी गोष्ट नव्हे. जोर, बैठका, मुद्गल, नाल, मलखांब ही आपल्या तालमींची साधने. त्यांत खर्चिक असे काहीच नव्हते. मग तालमीत मोलाचे काय होते? मोलाचा होता वस्ताद. पोराला आज किती जोर झेपतील, हे तो त्याच्या चेहऱ्यावरून ओळखी. मुद्गल जड झाला की तो हलका देई, हलका झाला की जड देई. आणि कोणी भलतेच धाडस करू लागला, तर पाठीमागून त्याचा हात पुढे येई. कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग या तालमी आजही नांदत आहेत. पण साठीच्या गृहस्थाने किंवा चाळिशीच्या गृहिणीने त्या मातीत उतरावे, अशी सोय कितीशी आहे? म्हणून व्यायाम घरात आला. साधने आली, वस्ताद मात्र मागे राहिला.

कोणी विचारील, उतारवयात वजन उचलण्याचा हा खटाटोप कशाला? उत्तर ऐका. 1990 साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या घरातल्या दहा माणसांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला गेला. शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरीने 174 टक्क्यांनी वाढली! स्नायू नव्वदाव्या वर्षीही शिकतात. त्यांना हवे असते ते थोडे थोडे वाढत जाणारे ओझे. हेच तत्त्व डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांवर वापरून 1945 साली मांडले होते, आणि आपला वस्ताद ते कोणताही निबंध न लिहिता पाळीत होता.

आता आमची फजिती सांगतो. वजने घेण्याची लहर आली तेव्हा आम्ही एक बाक, एक लांब दांडा आणि तबकड्या आणल्या. पहाटे साऱ्यांची निजानीज असताना बाकावर उताणे पडून आम्ही दांडा छातीपर्यंत उतरविला, आणि तो पुन्हा वर जाईना. तबकड्या घसरू नयेत म्हणून दोन्ही टोकांना चिमटे घट्ट लावलेले! हाक मारावी तर छातीत वारा नाही. शेवटी पाय आपटल्याच्या आवाजाने मुलगी धावून आली. तिने एक टोक उचलले आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या तालमीत वस्ताद कोण?" या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आमच्याजवळ नव्हते. आजचे हे व्याख्यान म्हणजे ते उत्तर होय. घरात वस्ताद नसतो. म्हणून साधनेच अशी निवडावीत आणि अशी मांडावीत की वस्तादाचे काम ती करतील.

वस्तादाचे पहिले काम, आज नेमके किती द्यावयाचे ते ठरविणे. तेव्हा थोडथोडे वाढविता येईल असे वजन घ्यावे. स्पर्धेतला पुरुषांचा दांडा नुसताच 20 किलोंचा असतो, स्त्रियांचा 15 किलोंचा. नवशिक्याला किंवा वृद्धाला हे रिकामे दांडेच भारी. अशांनी तबकड्या बदलता येणाऱ्या डंबेल्सची जोडी घ्यावी. तीत एका किलोपासूनही आरंभ होतो. दांडा घेणाऱ्याने सव्वा किलोच्या तबकड्यांची जोडी अवश्य घ्यावी. मोठ्या तबकड्यांची रास शेजाऱ्याला दिसते. प्रगती मात्र या चिमुकल्या तबकड्यांनीच होते. तबकडीच्या भोकाचे मापही पाहावे. स्पर्धेच्या दांड्याची टोके 50 मिलिमीटरची, स्वस्त दांड्यांची त्याच्या जवळजवळ निम्मी. एकाची तबकडी दुसऱ्यावर नीट बसत नाही. जुना माल घेण्यास हरकत नाही, लोखंड म्हातारे होत नाही. मात्र दांडा सपाट फरशीवर लोळवून तो वाकलेला नाही याची खात्री करावी, आणि तबकड्या वाण्याच्या काट्यावर घालाव्यात. छापलेले वजन आणि खरे वजन यांत कधी कधी मोठी तफावत आढळते.

दुसरे काम, कोणते अंग राहून जाते त्यावर नजर ठेवणे. ढकलणे, ओढणे, बसून उठणे, जमिनीवरून उचलणे आणि उचललेले वाहून नेणे, या पाच क्रियांत घरातली सारी कामे येतात. ज्या साधनाने यांतल्या निदान तीन होत नाहीत, ते आधी घेऊ नये. दांडा किंवा डंबेल्स या कसोटीला उतरतात. एकाच क्रियेची चकचकीत यंत्रे उतरत नाहीत, आणि पुढे त्यांच्यावर टॉवेल वाळतात.

तिसरे काम, पडत्याला झेलणे. दांडा खांद्यावर किंवा छातीवर घ्यावयाचा असेल, तर चार खांबांची चौकट आणि तिला आधाराचे दोन आडवे दांडे हवेतच. चौकट जोडताना सर्व बोल्ट प्रथम सैल ठेवावेत, पाणसळ आणि ओळंबा लावून ती सरळ करावी, मगच समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळावेत. आठवड्याने पुन्हा एकदा फिरवून पाहावेत. आधाराची उंची अशी ठेवावी, की छाती फुगविली असता दांडा छातीला टेकेल, आणि छाती सैल सोडली की तो आधारावर बसून मान मोकळी राहील. ही परीक्षा रिकाम्या दांड्याने, घरात कोणी जागे असताना करावी. चौकटीला जागा नसेल, तर उताणे पडून दांडा पेलणे सोडून द्यावे आणि जोर काढावेत. त्यात कमीपणा मुळीच नाही.

आता खोलीविषयी. राहत्या घराच्या जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. सव्वा मीटर लांबीरुंदीची चौकट दीड चौरस मीटर व्यापते, म्हणजे सुमारे 300 किलो. चौकट, वजने आणि आपण स्वतः मिळून त्याच्या आत राहावे. मात्र हा हिशेब शांत ठेवलेल्या वजनाचा आहे, आपटलेल्या वजनाचा नव्हे. खाली रबराची जाड चटई घालावी आणि वजन हाताने टेकवावे. सज्जात किंवा जुन्या वाड्याच्या लाकडी माळ्यावर जाणकाराला विचारल्यावाचून काही ठेवू नये. आणि वर पंखा पाहावा! 170 सेंटीमीटर उंचीच्या माणसाने हात ताठ केले की दांडा दोन मीटरांच्या वर जातो, त्यात 45 सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीचा निम्मा भाग मिळवा. पात्यापर्यंत वीतभरही अंतर उरत नाही. कोकणात आणि मुंबईत गंज हा आणखी एक शत्रू. त्यावर घाम पुसणे आणि शिवणयंत्राचे तेल हा उपाय पुरतो.

शेवटी एक घरगुती गोष्ट सांगून थांबतो. आमची आई न्हाणीघरात पडली. हाड मोडले नाही, पण आपल्या पायांनी तिला उठता येईना. अर्धा तास ती दाराकडे पाहत बसली होती. त्या अर्ध्या तासाबद्दल ती पुढे कधी बोलली नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने खुर्चीवरून उठबस सुरू केली. आधी हातांच्या आधाराने, मग हात सोडून, मग हातात एक किलो, पुढे दोन. आज आमच्या त्या चौकटीच्या खांबाला धरून ती जमिनीवर बसते आणि उठते. परवा तिने आमचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "तू नुसता मोज."

तालमीतला वस्ताद तरी शेवटी याहून वेगळे काय करतो? एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.