रक्तातील शेजारधर्म

श्रोतेहो, एखाद्या माणसाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर केवळ त्याचे नाव-गाव विचारून भागत नाही. त्याची ऊठबस कोणाशी आहे, त्याच्या घराला घर लागून कोण राहतो, हेही पाहावे लागते, असे आपल्याकडील वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. हाच न्याय आपल्या शरीरातील प्रथिनांनाही लागू पडतो. प्रथिनातील घटकांचा हा शेजार शास्त्रज्ञ कसा मोजतात आणि त्या मोजणीचा एका दुर्धर आजाराशी काय संबंध आहे, ते आज आपण पाहणार आहोत.

प्रथिन म्हणजे अ‍ॅमिनो आम्लांची माळ होय. या माळेत वीस प्रकारचे मणी असतात. काही मण्यांवर विजेचा धन भार असतो, काहींवर ऋण. काहींना पाण्याची आवड असते, तर काही तेलकट प्रकृतीचे असून पाण्यापासून दूर राहू पाहतात. ही माळ सरळ लोंबत राहत नाही. ती वळते, दुमडते आणि ठराविक आकाराचा गोळा बनते. त्यामुळे माळेत एकमेकांपासून फार दूर असलेले मणी गोळ्यात अगदी अंगाला अंग लावून बसलेले आढळतात. कोणता मणी कोणत्या मण्याला भिडला आहे हे शोधून काढणे, यालाच मण्यांच्या संपर्कांचे विश्लेषण म्हणावयाचे.

हे काम कसे करतात? रस्त्यांच्या नकाशाच्या पाठीमागे गावागावांतील अंतरांचा एक चौकोनी तक्ता आपण पाहिला असेल. वरच्या ओळीत बेळगाव, पुणे, इंदूर, वडोदरा, हैदराबाद. डाव्या बाजूस पुन्हा तीच नावे. आणि जेथे दोन नावे मिळतात त्या घरात त्यांच्यामधील अंतर. प्रथिनाचाही असाच तक्ता करतात. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथिनातील अणूंच्या जागा एकदा निश्चित झाल्या, की प्रत्येक मण्याचे दुसऱ्या प्रत्येक मण्यापासूनचे अंतर काढता येते. मोजण्याचे माप असते आंगस्ट्रॉम, म्हणजे एका सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. दोन मण्यांचे मध्यवर्ती कार्बन अणू सुमारे ८ आंगस्ट्रॉमच्या आत असले, तर ते शेजारी आहेत असे सामान्यतः धरतात व तक्त्यातील ते घर काळे करतात. ही मर्यादा फार सैल ठेवली तर सारेच एकमेकांचे शेजारी ठरतात. फार कडक ठेवली तर खरे शेजारीही निसटतात. शिवाय माळेत लागोपाठ ओवलेले मणी जवळ असणारच; म्हणून त्यांची गणना सोडून देतात. अर्थ असतो तो लांबून येऊन भेटलेल्या मण्यांत.

आपल्या तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिनचेच उदाहरण घेऊ. त्यात चार माळा असतात: १४१ मण्यांच्या दोन आल्फा माळा आणि १४६ मण्यांच्या दोन बीटा माळा. या प्रथिनाची रचना उकलण्याचे कार्य मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिज येथे १९३७ मध्ये हाती घेतले आणि त्याबद्दल १९६२ मध्ये जॉन केंड्र्यू यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बीटा माळेतील शेवटचा, म्हणजे १४६ वा मणी हिस्टिडिनचा आणि ९४ वा मणी अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा. माळेत या दोहोंमध्ये ५२ घरांचे अंतर. परंतु रेणूमध्ये प्राणवायू नसतो तेव्हा धन भाराचा हिस्टिडिन आणि ऋण भाराचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल एकमेकांजवळ येतात व त्यांच्यात विजेच्या ओढीचा एक सेतू बांधला जातो. फुप्फुसात प्राणवायू लाभला की रेणूचा आकार किंचित बदलतो आणि हा सेतू मोडतो. श्रम करणाऱ्या स्नायूंत आम्लता वाढली की तोच सेतू अधिक बळकट होतो आणि प्राणवायू तेथे सोडून देणे रेणूला सुलभ जाते. आपण एका मिनिटात कितीतरी वेळा श्वास घेतो. त्या प्रत्येक श्वासागणिक आपल्या रक्तात असे अगणित सेतू बांधले जातात आणि मोडतात.

आता या शेजाराची दुसरी, क्लेशकारक बाजू पाहू. शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. हाच सिकलसेल आजार. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये असे दाखवून दिले, की या रोगाचे मूळ हीमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. पुढे १९५६ व १९५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिज येथे नेमका फरक शोधला. बीटा माळेतील सहावा मणी निरोगी माणसात ग्लुटामिक आम्लाचा असतो. रुग्णात त्या जागी व्हॅलिन असते. १४६ मण्यांपैकी एका मण्याचा काय तो फरक!

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हा सहावा मणी रेणूच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतो. आपल्याच रेणूतील दूरच्या मण्यांशी त्याचा म्हणण्यासारखा संबंध नाही. एकाच रेणूचा तक्ता मांडून पाहणाऱ्याला हा मणी बिनमहत्त्वाचा वाटेल. तो बदलला तरी फारसे बिघडणार नाही, असाही निष्कर्ष तो काढील. अनर्थ दिसतो तो शेजारच्या रेणूकडे पाहिल्यावर. प्राणवायू सोडून दिलेल्या हीमोग्लोबिनच्या बीटा माळेवर ८५ व्या स्थानी फेनिलअ‍ॅलनिन आणि ८८ व्या स्थानी ल्युसिन असे दोन तेलकट मणी असून त्यांच्यामध्ये एक खोबण असते. ही खोबण निरोगी माणसाच्या रक्तातही असते. परंतु पाण्याची आवड असलेले, ऋण भाराचे ग्लुटामिक आम्ल तिच्यात शिरत नाही. तेलकट व्हॅलिन मात्र शेजारच्या रेणूवरील या खोबणीत नेमके जाऊन बसते. रेणूला रेणू जोडला जातो, त्यांच्या दुहेरी सरी बनतात, आणि अशा सात दुहेरी सरींचा पीळ पडून एक ताठ दोर तयार होतो. हे दोर पेशीला आतून ताणतात आणि गोल, लवचिक पेशी विळ्यासारखी वाकडी होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रुग्णाला होणाऱ्या असह्य वेदनांचे कारण हेच.

श्रोतेहो, रोगाचे ठिकाण कळले म्हणजे उपायाची वाटही दिसू लागते. गर्भातील बालकाच्या हीमोग्लोबिनमध्ये बीटा माळेऐवजी गॅमा माळ असते आणि तिच्या ८७ व्या स्थानी थ्रिओनिनऐवजी ग्लुटामिन असते. हे ८७ वे घर ८५ आणि ८८ यांच्या मधले, म्हणजे खोबणीच्या तोंडाशीच असलेले! तेथे ग्लुटामिन आले की व्हॅलिनची बैठक बिघडते आणि दोर वळला जात नाही. म्हणूनच ज्या रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन अधिक प्रमाणात टिकून राहते, त्यांचा त्रास पुष्कळदा सौम्य असतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध याच हीमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते. अमेरिकेत २०२३ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळालेल्या एका जनुकोपचारात तर ८७ व्या स्थानी मुद्दाम ग्लुटामिन घातलेली बीटा माळ रुग्णाच्या पेशींकडून तयार करवून घेतात. हा उपचार अतिशय खर्चाचा आहे. परंतु शेजाऱ्यांची मोजदाद केल्यामुळे त्याची दिशा सापडली, हे विसरता येत नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा आहे, असे कोणी समजू नये. गुजरातच्या डांग-वलसाडपासून नंदुरबार, मध्यप्रदेश आणि विदर्भात गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या पट्ट्यात, विशेषतः आदिवासी समाजांत आणि विदर्भातील इतरही काही समाजांत, हा दोष आढळतो. १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले आहे. आई व वडील या दोघांकडूनही सदोष जनुक आले तरच मुलाला हा रोग होतो. दोघेही केवळ वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत रोगाची शक्यता चारात एक असते. वाहक हा रोगी नव्हे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. विवाहापूर्वी पत्रिका पाहणाऱ्या घरांनी रक्ताची ही पत्रिकाही पाहावी, एवढेच म्हणणे आहे.

माझ्या शिक्षक-बांधवांनाही एक विनंती आहे. या भागातील एखादे मूल हातापायांच्या दुखण्यामुळे वारंवार गैरहजर राहत असेल, लवकर थकत असेल, तर त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या पालकांना रक्ततपासणीचा सल्ला द्यावा. वर्गात त्याला मोकळेपणाने पाणी पिऊ द्यावे, थंडीत उघड्यावर फार वेळ उभे करू नये. शरीरात पाणी कमी पडले किंवा थंडी बाधली, की त्याच्या वेदना उसळतात.

प्रथिनांच्या रचनांची सार्वजनिक पेढी १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी उघडली. आज तिच्यात दोन लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या कोणालाही विनामूल्य पाहता येतात. आपल्या महाविद्यालयातील एखादा विद्यार्थीही घरबसल्या हीमोग्लोबिनचा तक्ता मांडून सहाव्या मण्याचे शेजारी शोधू शकेल. त्याने फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की एका रेणूपाशी थांबावयाचे नाही. त्याच्या शेजारच्या रेणूपर्यंत जावयाचे. या रोगाचे मर्म तेथेच सापडले आहे.